धानाची पोती आणि बँकेची वेसण

दिवाळीनंतर तुमसरच्या बाजारात धानाची पोती एकदमच येतात नि भाव उतरतो. समजा, व्यापाऱ्याने ती बँकेकडे तारण ठेवली, त्या पैशात आणखी पोती घेतली, तीही तारण ठेवली. माल गोदामात अडतो, तांदूळ महागतो. म्हणून मे १९५६ मध्ये रिझर्व्ह बँकेने धान-तांदळावरील कर्जाला वेसण घातली. ठीकच केले. पण तेवढ्याने कास्तकाराच्या हाती रोवणीला पैसा थोडाच येतो? १९५१-५२ च्या पाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जात व्यापारी बँकांचा वाटा शेकडा एकही नव्हता; बहुतांश सावकाराचे! पैसा नुसता अडवून भागत नाही, वळवावाही लागतो. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे कर्जातला शेकडा १८ हिस्सा शेतीसाठी ठरला. तो भरला नाही, तर तुटीची रक्कम बँकेला नाबार्डकडील ग्रामीण निधीत ठेवावी लागते.