तारेत तांबेच का?

घराचे वायरिंग नव्याने करायचे ठरले, की पहिला प्रश्न खर्चाचा येतो. तांब्याची तार महाग. तेव्हा थोडी बारीक तार चालणार नाही का, असा विचार अनेकांच्या मनात डोकावतो. ती का चालत नाही, याचे कारण धातूच्या अंतरंगात दडलेले आहे.

प्रत्येक अणूत केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉन असतात. लाकूड, रबर, प्लास्टिक अशा पदार्थांत ते आपापल्या जागी जखडलेले राहतात. धातूंत मात्र बाहेरच्या कक्षेतील इलेक्ट्रॉन कोणा एका अणूचे राहत नाहीत; ते सबंध तुकड्यात मुक्तपणे वावरतात. तारेला विद्युतदाब दिला, की हा समुदाय सरकू लागतो. हाच वीजप्रवाह. धातूचे एक टोक तापवले, तर तेथील ऊर्जा दुसऱ्या टोकाकडे नेण्याचे कामही प्रामुख्याने हेच इलेक्ट्रॉन करतात. म्हणूनच विजेचा उत्तम वाहक असलेला धातू उष्णतेचाही उत्तम वाहक ठरतो. विडेमान व फ्रान्झ या जर्मन शास्त्रज्ञांनी हे नाते १८५३ मध्येच दाखवून दिले होते. इलेक्ट्रॉनचा शोध लागला तो १८९७ मध्ये!

हिरा मात्र याला अपवाद आहे. त्यात मुक्त इलेक्ट्रॉन जवळजवळ नसल्याने वीज वाहत नाही. पण घट्ट बांधलेल्या अणूंच्या कंपनांतून उष्णता तांब्याच्या सुमारे पाचपट सुलभतेने वाहते.

सर्वच धातू सारखे नसतात. वीजवहनात चांदी पहिली, त्याखालोखाल तांबे, मग सोने व ॲल्युमिनियम. चांदी व सोने परवडत नाही. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे साठ टक्के. मात्र ते वजनाला तांब्याच्या एक तृतीयांशाहून कमी भरते. त्यामुळे मनोऱ्यांवरून जाणाऱ्या उच्चदाब वाहिन्यांसाठी त्यालाच पसंती मिळते.

इलेक्ट्रॉनांच्या वाटेत अडथळे येतात ते दोन प्रकारचे : अणूंची कंपने आणि परक्या अणूंची भेसळ. तांब्यात जस्त मिसळून पितळ केले, की वाहकता साधारण चौथाईवर येते. स्टेनलेस स्टील हाही मिश्रधातूच. उष्णता त्यातून सावकाश पसरते, म्हणून स्टीलच्या भांड्यांना तांब्याचा तळ लावतात.

आता पुन्हा तारेकडे वळू. दोन हजार वॅटचा गिझर सुमारे नऊ अँपिअर प्रवाह ओढतो. तारेची जाडी, म्हणजे तिच्या छेदाचे क्षेत्रफळ, निम्मे केले तर तिचा रोध दुप्पट होतो आणि तेवढ्याच प्रवाहाला तीत दुप्पट उष्णता निर्माण होते. तार तापली, की अणूंची कंपने वाढतात आणि रोध आणखी वाढतो. अशुद्ध तांब्याने किंवा सैल जोडाने हेच घडते. भिंतीआड दडलेले प्लास्टिकचे आवरण हळूहळू वितळू लागते आणि शॉर्टसर्किटला निमंत्रण मिळते.

तेव्हा तारेवरचा आयएसआय शिक्का आणि चौरस मिलिमीटरमधील आकडा पाहून घेणे ही केवळ औपचारिकता नव्हे. गिझर, एसी यांच्यासाठी किती जाडीची तार हवी, हे जाणकार, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच ठरवून घ्यावे. तारेत वाचवलेले चार पैसे पुढे घरावर बेतू शकतात.