आचाऱ्यांना बोलावलं, आचार्य आले

हे अँड्रॉइड फोनवर वाचत असाल तर आधी वरचं शीर्षक नीट बघा. पहिल्या शब्दात ‘य’च्या डावीकडं पापणीसारखी बारीक रेघ दिसतेय? आणि तिसऱ्या शब्दात ‘य’च्या डोक्यावर रफार? दोन्ही दिसत असतील, तर तुमच्या फोनमधली एक ओपन सोर्स लायब्ररी तिचं काम नीट करतेय.

विषय सुचला तो इथंच, जुन्या जालन्यात. घरच्या लग्नाच्या कामांची यादी मी जुन्या लॅपटॉपवर, लिनक्सवर टाईप केली. लिहायचं होतं ‘आचाऱ्यांना ॲडव्हान्स’, प्रिंट आली ‘आचार्यांना ॲडव्हान्स’. भटजी खूश झाले असते! चूक माझीच होती. मी खाली टिंब असलेला ‘ऱ’ दाबायच्या ऐवजी साधा ‘र’ दाबला होता.

आता यात होतं काय? आपण की दाबतो तेव्हा अक्षराचं चित्र साठत नाही, नंबर साठतो. र, हलन्त आणि य असे नंबर ओळीनं आले, तर रफार. ऱ, हलन्त, य आले, तर पापणीचा र. ‘कि’ लिहिताना आपण क आधी दाबतो आणि वेलांटी नंतर, पण दिसायला वेलांटी आधी. नंबरांवरून फॉन्टमधलं कुठलं चित्र उचलायचं आणि कुठं ठेवायचं, हे ठरवणाऱ्या लायब्ररीचं नाव हार्फबझ. नाव फारसीवरून आलंय. हर्फ म्हणजे अक्षर. मराठवाड्यात उर्दू कानावर असलेल्यांना वेगळं सांगायला नको. लिनक्स, अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस, सगळीकडं हीच.

पण लायब्ररी एकटी काय करणार? पापणीचं चित्र फॉन्टमध्ये असायला हवं. इथं पुण्याचा संबंध येतो. आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांना श्रीलिपी माहीत असते, ती बनवणारी पुण्याची मॉड्युलर इन्फोटेक. लिनक्सवरचे ‘लोहित’ फॉन्ट मुळात त्यांच्याकडूनच आले. रेड हॅटनं ते खुले केले, आणि 2011 मध्ये त्यांना ओपन फॉन्ट लायसन्स मिळालं. म्हणजे कुणीही घ्या, दुरुस्त करा, पुढं वाटा.

अक्षराचा पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. फ्रीटाईप नावाची लायब्ररी आकाराचे ठिपके करते. ग्राफिक्स चिपचं काम असेल तिथं मेसा ही लायब्ररी चिपला समजतील असे हुकूम तयार करते, आणि कर्नलमधला ड्रायव्हर ते चिपपर्यंत नेतो. मेसा ब्रायन पॉल यांनी 1993 मध्ये एकट्यानं सुरू केली होती. एनव्हिडियाच्या चिपसाठी ‘नूवो’ ड्रायव्हर लिहिणाऱ्यांकडं तर कंपनीची माहितीही नव्हती. कंपनीचा ड्रायव्हर चिपशी काय बोलतो हे बघून बघून त्यांनी स्वतःचा लिहिला.

मला खरा फरक इथं दिसतो. ड्रायव्हर बिघडला की स्क्रीन काळी होते, आणि जगात कुणालाही ते कळतं. पापणीचा र बिघडला तर? हिंदीत तो लागतच नाही. हिंदी वाचणारा टेस्टर ‘आचार्यांना’ बघून म्हणेल, बरोबर आहे की! नेपाळी माणसाला कळेल, आणि आपल्याला. बाकी बहुतेकांना ते खटकणारसुद्धा नाही. ‘वऱ्हाड’, ‘दऱ्या’, ‘कुऱ्हाड’ कुठं तुटलेले दिसले, तर ते सांगायला आपल्यालाच जावं लागतं.

आणि सांगायचं कसं? नुसता स्क्रीनशॉट पाठवू नका. तो शब्द टाईप करून पाठवा, म्हणजे आतले नंबर त्यांना मिळतात. सोबत फॉन्टचं नाव, ॲपचं व्हर्जन आणि शब्द कसा दिसायला हवा त्याचा फोटो. लिनक्स असेल तर ‘एचबी-शेप’ ही कमांड त्याच फॉन्टवर चालवून बघा. फॉन्टमधली कुठली चित्रं उचलली गेली, हे ती सांगते. पापणीच्या चित्राऐवजी रफाराचं आलं असेल, तर आधी स्वतःचं टायपिंग तपासा. माझ्यासारखं होऊ शकतं.