शाळेची बाग आणि धीराचे शिक्षण

शाळेची बाग ही आवाराची शोभा आहे, अथवा मुलांच्या दुपारच्या आहारास भाजी पुरविणारे परसू आहे, एवढीच समजूत बहुधा आढळते. हे दोन्ही लाभ खरेच आहेत. परंतु धीर व सातत्य हे जे गुण इतर तासांना केवळ शब्दांनी सांगावे लागतात, ते बाग विद्यार्थ्यांकडून प्रत्यक्ष करवून घेते, हा तिचा सर्वांत मोठा लाभ होय.

अरण येथील संत सावता माळी यांनी तेराव्या शतकात आपल्या मळ्यातील नित्यकर्मातच विठ्ठलाची भक्ती पाहिली. खुरपणी आणि पाणी देणे ही केवळ फळ पदरात पाडून घेण्याची साधने नसून मन लावून करावयाची कर्मेच आहेत, असा त्याचा व्यवहारातील अर्थ. ज्याला आजचे काम गोड वाटते, त्याला उद्याची वाट पाहणे जड जात नाही.

सातारा जिल्ह्यास ही परंपरा अपरिचित नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली, व १९२४ साली सातारा येथे वसतिगृह सुरू केले. तेथे श्रम आणि विद्या यांची फारकत त्यांनी होऊ दिली नाही. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. वड लावणाऱ्यास त्याची पुरती सावली क्वचितच लाभते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या चिन्हाचे औचित्य कळते.

शाळेच्या बागेत तीन निरनिराळ्या मुदतींची पिके असावीत. पहिले मेथीचे. चार-पाच दिवसांत ती उगवते व महिन्याभरात काढणीस येते. लहान मुलांचा विश्वास बसण्यास ती पुरेशी आहे. दुसरे हळदीचे. सांगलीच्या बाजारपेठेची कीर्ती ज्या पिकावर उभी आहे, त्या पिकाची मुलांना ओळख व्हावयासच हवी. शाळा उघडताच गड्डे लावावेत. त्यानंतर कित्येक दिवस वाफा उघडा दिसतो. मुले अधीर होतात, आणि एखादा माती उकरून पाहतो. कोवळा कोंब तेवढ्याने मोडतो. हा प्रसंग शिक्षकाने वाया जाऊ देऊ नये. दिसत नाही म्हणजे घडत नाही असे नव्हे, हे त्या मोडलेल्या कोंबाइतके स्पष्ट कोणतेही व्याख्यान सांगणार नाही. आठ-नऊ महिन्यांनी पाला वाळल्यावर काढणी होते. तिसरे झाड कोयीपासून लावलेल्या आंब्याचे. त्यास फळ धरण्यास सहा-आठ वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. तोवर ते लावणारी मुले शाळा सोडून गेलेली असतात. दुसऱ्यासाठी लावणे म्हणजे काय, हे त्यांना येथे उमगते.

प्रत्येक गटाची नोंदवही असावी. पेरणीचा दिवस, उगवणीचा दिवस, पानांची संख्या व पाणी देणाऱ्याचे नाव, एवढ्या नोंदी पुरेत.

खरी कसोटी उन्हाळ्याच्या सुट्टीत लागते. माण, खटाव, जत, आटपाडी या कमी पावसाच्या तालुक्यांत मे महिन्यात बहुतेक रोपे जळतात. यास उपाय सोपे आहेत. रोपाशेजारी कच्च्या भाजणीचे मडके गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरावे, म्हणजे ओल हळूहळू मुळांशी झिरपते. आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. शाळेजवळ राहणाऱ्या मुलांच्या पाळ्या सुट्टीपूर्वीच ठरवाव्यात. इतके करूनही रोप मेले, तर मुलांच्या नकळत नवे आणून लावू नये. पाणी कमी पडले, शेळीने खाल्ले की वाळवी लागली, याचा शोध मुलांनीच घ्यावा व त्याच खड्ड्यात त्यांनीच पुन्हा लावावे. अपयशानंतरची दुसरी लागवड हाच चिकाटीचा खरा पाठ आहे.

हा पाठ शिक्षकासही लागू आहे. इतर मुले वाचू लागली तरी दिवाळीपर्यंत ज्याला अक्षरओळख होत नाही, असे एखादे मूल प्रत्येक वर्गात असते. त्याला मंद ठरविणे म्हणजे हळदीचा वाफा उकरणेच होय. मात्र धीर म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे. कोंब दिसत नसतानाही वाफ्यास पाणी द्यावे लागते व तण काढावे लागते. त्या मुलाजवळही रोज थोडा वेळ बसावे लागते.