मधमाश्यांची घरे आणि आपल्या इमारती



मधमाशी आपले घर आपणच बांधते. मग तिच्यासाठी माणसाने वास्तू कशाला उभारावी, असा प्रश्न विषयाचे नाव वाचून काहींना पडला असेल. तरीही अशा वास्तू होत्या. १७७४ साली ॲन ली या स्त्रीच्या नेतृत्वाखाली इंग्लंडहून अमेरिकेत गेलेला शेकर पंथ ब्रह्मचर्य पाळी, मालमत्ता सामाईक ठेवी आणि बहुतेक प्रत्येक कामासाठी नेटकी इमारत बांधी. न्यू हॅम्पशायरमधील कॅन्टरबरी येथील त्यांच्या वसाहतीत मधमाश्यांसाठीही एक इमारत होती. त्या प्रदेशातला बर्फाळ हिवाळा सोसण्यास मोहोळांना आसरा हवा असे. शिवाय जुन्या टोपल्यांत आणि खोक्यांत पोळी आतून चिकटलेली असत. मध घेताना ती कापावी लागत आणि पुष्कळदा मोहोळच मारले जाई. पोळ्यांमध्ये सुमारे ९ मिलिमीटर जागा मोकळी ठेवली, तर माश्या ती बुजवीत नाहीत, हे हेरून लँगस्ट्रॉथ यांनी सुट्या चौकटींची पेटी केली. तिचे पेटंट १८५२ चे. पुढे ही पेटीच मधमाश्यांची वास्तू ठरली.

आपल्याकडे याहून साधी युक्ती हिमालयात सापडते. काश्मीर, हिमाचल, कुमाऊँ येथील जुन्या घरांच्या जाड भिंतींत मोहोळासाठी पोकळी ठेवीत. बाहेरून माश्यांपुरते भोक, आतून फळी. घरधनी खोलीत बसूनच फळी काढी, थोडा धूर देई आणि मध घेई. अंधाऱ्या पोकळीत अनेक पोळी बांधणाऱ्या सातेरी माशीला हे घर मानवते.

मग दख्खनमध्ये अशा भिंती का नाहीत? माझ्या मते याचे उत्तर माशीच्या स्वभावात आहे. इकडचा रानातला मध मुख्यतः आग्या माशीचा. ती उंच कड्याला, फांदीला किंवा कमानीला एकच मोठे पोळे उघड्यावर टांगते आणि फुलोरा संपला की सारे मोहोळ दूर निघून जाते. तिला कोंडून पाळता येत नाही. मध काढणारा दोर आणि मशाल घेऊन गेला; त्याने तिच्यासाठी काही बांधले नाही. ज्या वास्तू माणसाने आपल्यासाठी घडविल्या, त्याच तिने घेतल्या. येथून जवळच, नामपल्लीच्या बागेआममधील संग्रहालयात अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती आहेत. अजिंठा त्या काळी हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचे पुरातत्त्व खाते गुलाम याझदानी यांच्या हाती होते, म्हणून त्या इथे आल्या. चित्रे आली, आग्या मात्र तिथेच राहिली! मूळ लेण्यांत पर्यटकांवर तिचे हल्ले होतात, हे वृत्तपत्रांतून आपण वाचतोच.

सातेरीची गोष्ट निराळी. महाबळेश्वरच्या परिसरात ती पेटीत पाळली जाते, तिथे शासनाचे मध संचालनालय आहे, आणि २०२२ साली मांघर हे गाव ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. पुण्यात १९६२ पासून मधमाश्यांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे.

आता आपल्या शहराकडे येऊ. जुन्या दगडी इमारतींच्या छज्ज्याखाली आग्याचे पोळे दिसले की रात्री मशाल लावणारा बोलावला जातो. एका इमारतीत असे घडताना मी पाहिले आहे. सकाळी अंगणात मेलेल्या माश्यांचा थर होता आणि कमानीचा चुना काळवंडला होता. भीती खोटी नाही. एका मोहोळात हजारो माश्या असतात आणि चिडल्या तर त्या माणसाचा जीव घेऊ शकतात. परंतु हा पाहुणा हंगामापुरता असतो. शक्य असेल तिथे खालचा रस्ता दोरीने अडवावा, दिवे मालवावे, धूर आणि दगड टाळावेत. माश्या गेल्यावर रिकामे मेण काढून घ्यावे. आणखी एक गोष्ट अभ्यासकांनी दाखवून दिली आहे: दूर गेलेली मोहोळे पुष्कळदा वर्षानुवर्षे त्याच जागी परततात. तेव्हा जागा मोकळी असतानाच छज्ज्याखाली बारीक जाळी बसविणे हा मशालीपेक्षा अधिक टिकाऊ उपाय आहे. आपल्या शाळेच्या पश्चिमेकडील कमानीला ती जाळी पावसाळ्यापूर्वी बसवावी, अशी माझी व्यवस्थापनाला विनंती आहे.