मुळांना आधी हवा, मग पाणी
लेखमाला : घरातली ऑर्किडं – भाग ६

गेल्या आठवड्यात आपण प्रकाशाचा विचार केला. आज कुंडीच्या आत डोकावायचं आहे. ऑर्किडचं दुखणं पानांवर दिसत असलं तरी बहुतेक वेळा ते मुळांपासून सुरू झालेलं असतं.

फॅलेनॉप्सिसची पानं मऊ पडून सुरकुतली की झाडाला तहान लागली असं आपल्याला वाटतं. ते खरंही असतं. पण कुंडी ओली असूनही पानं सुरकुतलेली असतील, तर पाणी भरपूर आहे आणि ते ओढायला मुळंच उरलेली नाहीत, असं समजावं. अशा वेळी आणखी पाणी घातलं की उरलीसुरली मुळंही कुजतात. दुखण्यातल्या ऑर्किडांचा शेवट बहुधा असाच होतो, आणि तो टाळता येण्यासारखा असतो.

हे मूळ वेगळं कसं?

फॅलेनॉप्सिस, व्हॅन्डा आणि डेंड्रोबियमच्या बहुतेक जाती मातीत वाढत नाहीत, झाडांच्या सालीवर वाढतात. सह्याद्रीतल्या मोठ्या झाडांच्या फांद्यांवर फुलणारी सीतेची वेणी त्यांच्याच कुळातली. फांदीला ती घट्ट धरून राहते, पण बांडगुळासारखा त्या झाडाचा रस शोषत नाही. पावसात तिची मुळं चिंब भिजतात आणि पाऊस उघडला की वाऱ्यावर वाळतात.

या मुळांभोवती वेलामेन नावाचा मृत, पोकळ पेशींचा थर असतो. कोरडा असताना तो चंदेरी-पांढरा दिसतो. पाणी पडताच तो काही क्षणांत भरतो, पारदर्शक होतो आणि आतला हिरवा रंग उमटतो. तो हिरवेपणा हरितद्रव्याचा. पानांसारखं मूळही उजेडात थोडंफार अन्न तयार करतं. टीनिओफायलम या ऑर्किडला तर पानं जवळजवळ नसतातच, अन्न बनवण्याचं काम त्याची मुळंच करतात.

वेलामेनच्या आतल्या जिवंत पेशींना श्वासासाठी प्राणवायू लागतो. थर दिवसचे दिवस पाण्यानं भरलेला राहिला तर प्राणवायू आत पुरेसा पोचत नाही. पेशी गुदमरून मरतात आणि मेलेल्या भागावर बुरशी चढते. मूळकूज झाली म्हणून आपण बुरशीला दोष देतो, पण तिला वाट करून देतो तो कुंडीतला कोंदटपणा.

ही गोष्ट समजायला माणसांना वेळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये आलेली उष्ण देशांतली ऑर्किडं बंद, तापवलेल्या, दमट काचघरांत ठेवली जात आणि मोठ्या संख्येनं मरत. चॅट्सवर्थच्या बागेतून १८३५ मध्ये जॉन गिब्सन हा माळी भारतात आला आणि खासी टेकड्यांमधली ऑर्किडं घेऊन १८३७ मध्ये परतला. तिथले मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन यांनी काचघरांत हवा खेळती ठेवली, मूळ ठिकाणच्या हवामानानुसार तापमान वेगवेगळं ठेवलं, आणि झाडं तगू लागली.

सुटका कशी करायची?

झाड कुंडीतून काढा आणि मुळं साध्या पाण्याखाली धुवा. मग एकेक मूळ बोटांनी हलकेच दाबून पाहा. टणक लागलं तर ते जिवंत आहे, रंग तपकिरी असला तरी. मऊ, पोकळ लागलं, किंवा वरचं साल सुटून आतला दोरा हाती आला, तर ते मेलं. मेलेला भाग स्पिरिटनं पुसलेल्या कात्रीनं कापा. विकत आणलेल्या झाडाच्या मुळांच्या मधोमध पुष्कळदा मॉसचा घट्ट गोळा असतो. बाहेरचं माध्यम वाळलं तरी तो ओलाच राहतो, म्हणून तोही काढा. झाड दिवसभर सावलीत उघडं ठेवा, म्हणजे कापलेल्या जागा सुकतील.

नवी कुंडी उरलेल्या मुळांच्या मापाची, शक्यतो लहानच घ्या. मोठ्या कुंडीत मधला भाग लवकर वाळत नाही. माध्यम मात्र तुमच्या गावाच्या हवेप्रमाणे निवडा. कोकण-गोव्याच्या दमट हवेत कोळसा आणि विटांचे तुकडे चांगले. पुण्या-नाशकाच्या कोरड्या उन्हाळ्यात त्यात नारळाच्या सोडणाचे तुकडे मिसळा, नाहीतर मुळं फार लवकर वाळतात. सोडण आधी चांगलं भिजवून, पाणी बदलून धुवा, कारण त्यात क्षार असतात. कुंडीबाहेर आलेली मुळं आत कोंबू नका. मोकळ्या हवेत वाढलेलं मूळ गाडलं की बहुधा कुजतं.

झाड काठीला बांधून स्थिर करा. मूळ टोकाकडूनच वाढतं. झाड हलत राहिलं तर ते कोवळं टोक माध्यमावर घासून मोडतं आणि वाढ तिथेच थांबते.

पहिले काही आठवडे झाडाला सावली, खेळती हवा आणि भोवताली दमटपणा द्या. पाणी सकाळी, भरपूर, आणि कुंडी वाळत आली की मगच पुन्हा. पानांच्या बेचक्यात साचलेलं पाणी कापसानं टिपून घ्या. खत देऊ नका. मुळं नसताना क्षार नुसते साठतात आणि कोवळी टोकं जाळतात.

वेळ आणि खूण

डेंड्रोबियमची नवी मुळं नव्या कोंबाच्या बुडाशी फुटतात. म्हणून थंडी सरून कोंब डोकावू लागले की कुंडी बदलावी, म्हणजे पावसाळ्यापूर्वी मुळं माध्यमात शिरतात. फॅलेनॉप्सिसमध्ये नवं मूळ पानांच्या बुडातून, खोडावर गाठीसारखं दिसतं. त्याचं हिरवं किंवा तांबूस, चकाकतं टोक ही बरं होण्याची पहिली खात्रीची खूण. जुनी सुरकुतलेली पानं कदाचित कधीच पूर्वीसारखी ताठ होणार नाहीत. त्यामुळे प्रगती मोजायची ती मुळांवर.

याला काही महिने लागू शकतात. या काळात फुलोऱ्याचा दांडा आला तर तो कापून टाका. मन कचरेल, पण अशक्त झाडाची साठवलेली ताकद आत्ता मुळांना लागते. मुळं जोमात असतील तर पुढच्या हंगामात दांडा पुन्हा येईल.

पुढच्या आठवड्यात : नवं मूळ फुटल्यावर खत कोणतं, किती पातळ आणि किती दिवसांनी.