बादली, तवा आणि पाण्याची मोटार

कास्टिंग म्हटलं की आपल्याला वर्कशॉपमधली काळी वाळू आणि जर्नलमधल्या आकृत्या आठवतात. सबमिशन झालं की विषय संपला! पण हॉस्टेलमध्ये सकाळी उठल्यापासून आपण ज्या वस्तू वापरतो, त्यातल्या कितीतरी साच्यातून आलेल्या असतात. बाथरूममधली बादली, पितळी नळ, मेसमधला बिडाचा तवा आणि टाकीत पाणी चढवणारा पंप. पदार्थ पातळ करायचा, साच्याच्या पोकळीत भरायचा, घट्ट झाला की बाहेर काढायचा. तत्त्व एकच, तऱ्हा वेगवेगळ्या.

आधी बादली बघू. ती उलटी केली की तळाच्या मध्यभागी एक बारीक गाठ दिसते. प्लॅस्टिक साच्यात शिरलं ते तिथून. पॉलिप्रॉपिलीनचे दाणे साधारण 200 ते 250 अंश सेल्सिअसला वितळवून स्क्रूच्या जोराने पोलादी साच्यात दाबतात. हे इंजेक्शन मोल्डिंग. बादली खाली निमुळती असते, कारण सरळ भिंतीची वस्तू साच्यातून सहज निघत नाही. या उताराला ड्राफ्ट म्हणतात. पोलादी साचा महाग, पण एकदा केला की त्यातून हजारो नग निघतात.

बिडाचं गणित उलटं आहे. बीड म्हणजे साधारण 2.5 ते 4 टक्के कार्बन असलेलं लोखंड. ते 1350 अंशांच्या आसपास ओततात. इथे साचा वाळूचा, तोही एका वेळेपुरता. कास्टिंग काढताना तो फोडावाच लागतो. टिकतो तो पॅटर्न. बीड थंड होताना मीटरला सुमारे 10 मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करतात. पंपाचं केसिंग आतून पोकळ असतं. ती पोकळी मिळवण्यासाठी साच्यात वाळूचाच कोअर ठेवतात. धातू गोठताना कमी पडू नये म्हणून वर रायझर ठेवतात, तो आतला धातू पुरवतो.

या विद्येचं मोठं घर आपल्या पलूस तालुक्यातच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर 1910 मध्ये बेळगावहून कुंडल रोड स्टेशनजवळच्या ओसाड माळावर आले. ती जागा औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिली. तिथेच किर्लोस्करवाडी वसली. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे लोखंडी नांगर खपवताना लक्ष्मणरावांचा कस लागला होता. पण लाकडी नांगरापेक्षा त्यात एक मोठी सोय होती. एकाच पॅटर्नवरून ओतलेले भाग सारखे असतात, त्यामुळे एक झिजला की दुसरा आणून बसवता येतो. आज किर्लोस्करवाडीची ओळख पंपांमुळे आहे.

आता खरा मुद्दा. साच्याच्या वाळूत बेंटोनाइट आणि साधारण 3 ते 4 टक्के पाणी घालतात. पाणी कमी पडलं तर साचा ढासळतो. जास्त झालं तर त्याची वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सुमारे 1600 पट जागा घेते. तिला बाहेर पडायला वाट नसेल तर ती धातूतच अडकते. हाच ब्लो होल. कधी तापलेला रस उसळून ओतणाऱ्या कामगाराच्या अंगावरही येतो. म्हणून व्हेंट होल पाडायला विसरायचं नसतं.

ब्लो होल वरून दिसेलच असं नाही. असं केसिंग नदीकाठच्या मोटारीला लागलं तर? दाबाच्या बाजूला पाणी झिरपतं, सक्शनच्या बाजूला पंप हवा ओढतो. मोटार फिरते, पण पाणी येत नाही. आणि नेमक्या त्याच वेळी ऊस वाळत असतो किंवा द्राक्षबागेला पाणी हवं असतं. म्हणूनच पंप तयार करताना केसिंगमध्ये पाणी भरून, वापरातल्या दाबाच्या साधारण दीडपट दाब देऊन तपासतात.

व्हायव्हाला आपण ‘मॉइश्चर कंटेंट’ एका दमात सांगून मोकळे होतो. पण त्या एक-दोन टक्क्यांवर कुणाचं तरी पीक आणि कुणाचे तरी हात अवलंबून असतात. आपल्यापैकी अनेकांच्या घरी शेती आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. तेव्हा पुढच्या प्रॅक्टिकलला वाळू मुठीत दाबून नीट बघा. मूठ उघडल्यावर गोळा टिकला पाहिजे, पण तळहात ओला होता कामा नये!