आठवण ठेवणारा चंद्र

समजा, पहूरचे दोन शेतकरी कापूस घेऊन जळगावला निघाले. वाटेत गावोगावी दोघांनी भाव विचारला. घरी आल्यावर पहिल्याला बायकोने विचारले, "काय भाव होता हो?" त्याला शेवटचाच भाव आठवला. दुसरा लिहायला शिकलेला. त्याने प्रत्येक गावचा भाव चिठ्ठीवर टिपून आणला होता. वाट एकच, पण पुरती माहिती आली ती चिठ्ठीमुळे.

माणसाने आकाशात सोडलेल्या चंद्रांचेही असेच आहे. अशा चंद्राला आपण उपग्रह म्हणतो. तो पृथ्वीभोवती फिरतो, वाटेत मोजमाप करतो आणि बिनतारी यंत्राने खाली कळवतो. पण ऐकणारी ठाणी थोडी. एका ठाण्यावरून तो काही मिनिटांतच पुढे जातो. मग तो बोलतो, पण ऐकायला कोणी नाही!

१९५८ च्या जानेवारीअखेर अमेरिकेने एक्सप्लोरर-१ सोडला. त्यात अदृश्य किरण मोजणारी नळी होती, पण टिपून ठेवायची सोय नव्हती. बातमी तुटक येई. कुठे कुठे तर नळी चक्क शून्य सांगे. शास्त्रज्ञ व्हॅन ॲलन कोड्यात पडले.

२६ मार्चला एक्सप्लोरर-३ वर गेला. त्यात लुडविग या त्यांच्या विद्यार्थ्याने बनवलेला छोटा टेपरेकॉर्डर होता. टेपवर गाणे भरतात, तसे मोजलेले आकडे फितीवर भरले जात. एका फेरीला सुमारे दोन तास लागत. ठाणे आले की खालून हुकूम जाई, आणि काही सेकंदांत साऱ्या फेरीचा हिशेब खाली येई. फीत पुन्हा कोरी!

आता अख्खी फेरी समोर आली. आकडा वाढत जाई, एकदम शून्य होई, मग पुन्हा वर येई. म्हणजे तिथे किरण नव्हते असे नाही. ते इतके होते, की नळीला मोजता येईना! बाजाराच्या फाटकात शंभर गाड्या एकदम घुसल्या, तर मोजणारा हात टेकतो ना? तसेच झाले. पृथ्वीभोवती किरणांचा पट्टा आहे, हे असे कळले.

त्याच वर्षी मे महिन्यात रशियाचा स्पुटनिक-३ गेला. त्याचा टेपरेकॉर्डर बिघडला. यंत्रे चांगली होती, पण दूरच्या वाटेवरचे बरेचसे मोजमाप हाती लागले नाही.

आपल्या भारताचा पहिला उपग्रह आर्यभट १९७५ साली गेला. त्यातही टेपरेकॉर्डर होता. पुढे फिती गेल्या, नखाएवढ्या चकत्या आल्या. पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी सुमारे एक किलोचा 'स्वयम्' बनवला. तो २२ जून २०१६ रोजी आकाशात गेला. एका ठिकाणचा निरोप साठवायचा आणि दुसरीकडे पोचवायचा, हे काम त्याला नेमून दिले होते.

पाहिलेले टिपून ठेवले, तरच ते दुसऱ्याच्या कामी येते. आकाशातल्या यंत्राला हे शिकवावे लागले. आपणही बाजाराला जाताना खिशात वही-पेन्सिल ठेवू या.